पाहुण्यांचे घर आणि कोकणचा पावसाळा

दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचे वडिलोपार्जित कौलारू घर आहे. आम्ही पुण्यात राहतो आणि गेली काही वर्षे ते घर पर्यटकांना दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने देतो. असेच घर चालवू इच्छिणारे ओळखीचे लोक भेटले की त्यांचे बहुतेक प्रश्न बुकिंगविषयी असतात: कोणत्या संकेतस्थळावर नोंदणी करावी, दर किती ठेवावा, छायाचित्रे कोणाकडून काढून घ्यावीत. हे प्रश्न रास्तच आहेत, पण त्यांची उत्तरे थोड्या चौकशीने मिळतात. कोकणातल्या अशा घराचा हिशेब मात्र जूनपासून मांडायला हवा, असे माझे ठाम मत झाले आहे. ऑक्टोबर ते मे या हंगामात घर पैसे मिळवते, परंतु ते पाहुण्यांना देण्याजोगे राहणार की नाही, हे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ठरते.

या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा या चार महिन्यांतच पडतो. त्याची तयारी मे महिन्यात, म्हणजे नेमकी पाहुण्यांची सर्वाधिक गर्दी असते तेव्हा करावी लागते. कौले उतरवून, फुटकी काढून, छप्पर पुन्हा शाकारावे लागते. वानर आणि माकडे वर्षभर छपरावर उड्या मारत असल्यामुळे फुटक्या कौलांची संख्या कधीच किरकोळ नसते. पश्चिमेच्या बाजूने येणारी झड भिंतीत मुरू नये म्हणून पडवीला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधावे लागतात. ही कामे करणारी माणसे गावात मोजकीच उरली आहेत आणि मेच्या अखेरीस प्रत्येकाला ती एकाच वेळी हवी असतात. म्हणून मेचा शेवटचा आठवडा आम्ही बुकिंगसाठी बंद ठेवतो. त्या आठवड्याचे उत्पन्न चांगले असते हे खरे, पण शाकारणी लांबली आणि पहिला जोराचा पाऊस आत शिरला, तर गाद्या, लाकडी पलंग आणि भिंतींवरचा रंग यांचे नुकसान त्या उत्पन्नापेक्षा कितीतरी मोठे असते. आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत. हा दगड पाणी शोषतो आणि त्याला ते पुन्हा सोडून देण्यासाठी मोकळीक लागते. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर चकचकीत रंग लावला की ओल आतच कोंडते आणि पापुद्रे सुटू लागतात. चुन्याचा गिलावा दिसायला साधा असतो, पण माझ्या अनुभवात तोच टिकतो.

खाऱ्या वाऱ्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण शहरातून येणारा मालक या बाबतीत दुकानदारावर विसंबून राहतो. स्टेनलेस स्टील म्हणून मिळणाऱ्या बिजागऱ्या, कड्या आणि नळ बहुधा ३०४ दर्जाचे असतात आणि समुद्राकाठी त्यांच्यावर लवकरच तांबूस डाग उमटतात. ३१६ दर्जाचे स्टील महाग असते, परंतु त्यातील मॉलिब्डेनममुळे ते क्षारांना पुष्कळ अधिक काळ दाद देत नाही. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पातळ पट्ट्या खाऱ्या हवेने खाल्ल्या जातात, त्यामुळे ते युनिट समुद्राच्या बाजूला न लावता आडोशाला लावावे आणि हंगामात अधूनमधून, वीज बंद करून, गोड्या पाण्याने हलकेच धुवावे. विजेच्या बाबतीत तर काटकसर करूच नये. ओल्या भिंती, गीझर आणि अनोळखी घरात वावरणारी लहान मुले एकत्र येतात, तेव्हा योग्य अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) या दोन गोष्टी पाहुण्यांच्या जिवाशी संबंधित असतात. पावसाळ्याआधी तो आरसीसीबी चाचणीचे बटण दाबून तपासणे आमच्याकडे ठरलेले काम आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि मंडणगड-दापोलीपर्यंतच्या माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. आमच्या छपराचा पश्चिमेचा उतार तेव्हा उघडा पडला. त्यानंतर आम्ही विम्याकडे नव्याने पाहिले. साध्या निवासी घराचा विमा घेतला आणि प्रत्यक्षात ते पर्यटकांना दिले जात असले, तर दावा करताना अडचण येऊ शकते. म्हणून घराचा वापर कशासाठी होतो हे कंपनीला लेखी कळवावे, आणि वादळ व पूर यांचा समावेश आहे की नाही हे पॉलिसीच्या कागदावर स्वतः वाचून पाहावे.

इतका पाऊस पडूनही मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागतो, कारण जांभ्यातून पाणी झरझर उतरून समुद्राला मिळते. शंभर चौरस मीटर छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी तीन लाख लिटर भरते. ते सगळे साठवणे शक्य नाही, पण त्यातले काही हजार लिटर जरी बंद टाकीत राहिले, तरी मेमधला टँकर काही प्रमाणात टळतो. आमच्या घरात एका वेळी किती पाहुणे घ्यायचे, हा आकडा आम्ही खाटांवरून ठरवला नाही. मे महिन्यात विहीर जेवढे पाणी देते त्यावरून ठरवला. ‘आणखी चार जण जमिनीवर झोपतील’ असे फोनवर सांगणाऱ्यांना पाण्याचे कारण दिले की बहुतेकांना ते पटते. शोषखड्ड्याचेही तेच आहे. पावसात जमिनीतील पाण्याची पातळी वर येते, खड्डा पाणी घेईनासा होतो आणि संडासाचे पाणी तुंबते. शोषखड्डा विहिरीपासून किमान पंधरा मीटर दूर असावा, आणि शक्य असल्यास उताराच्या खालच्या अंगाला.

पावसाळ्यात घर पूर्ण बंद ठेवावे, असा सल्ला अनेक जण देतात. मला तो मान्य नाही. बंद घरात बुरशी अधिक वेगाने वाढते. दारे-खिडक्या उघडल्या जाणे, पंखे फिरणे आणि चूल पेटणे यांनीच घर कोरडे राहते. म्हणून आम्ही जून ते ऑगस्टमध्येही पाहुणे घेतो, मात्र थोडे आणि वेगळ्या पद्धतीने. एरवी अकरा वाजता एक कुटुंब जाते आणि दोन वाजता दुसरे येते. तीन तासांत खोल्या स्वच्छ होतात, कारण प्रत्येक पलंगामागे चादरींचे तीन जोड असतात. पावसात चादरी वाळतच नाहीत, त्यामुळे दोन बुकिंगच्या मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी सुरमई किंवा पापलेट मिळणार नाही, हे बुकिंगच्या वेळीच सांगतो आणि त्याऐवजी टाकळा, भारंगी, फोडशी अशा रानभाज्या, सुकी मासळी आणि मिळाल्या तर खाडीच्या चिंबोऱ्या देतो. आधी स्पष्ट सांगितले की पाहुणे त्यासाठीच येतात, असा आमचा अनुभव आहे. समुद्रात उतरू नये ही सूचना मात्र आम्ही फोनवर, नंतर लेखी आणि पोहोचल्यावर पुन्हा तोंडी, अशी तिन्ही वेळा देतो. त्या महिन्यांत हा समुद्र पट्टीच्या पोहणाऱ्यालाही परत सोडत नाही.

हे सगळे पुण्यात बसून होत नाही. घर सांभाळणारे गावातले जोडपे आहे आणि त्यांचे मानधन बुकिंगवर अवलंबून नाही. ते बाराही महिने सारखेच असते. पाहुणे नसताना माणसाला पैसे का द्यायचे, असा प्रश्न मला विचारला गेला आहे. याचे उत्तर असे की सर्वांत अधिक काम पाहुणे नसतानाच असते: गाद्या उभ्या करून वारा देणे, पन्हळीत अडकलेला पाला काढणे, रात्री वीज गेली तर पंप पाहणे, आणि कुठे पाणी गळते ते भिंत काळी पडण्याआधी ओळखणे. “ताई, आधी झाप बांधून होऊ दे, मग तारखा द्या,” असे त्या जोडप्यातल्या वहिनी मला बजावतात आणि त्यांचा शब्द अंतिम असतो. गणपतीत आणि शिमग्यात आम्ही घर पाहुण्यांना देत नाही. त्या दिवसांत त्यांच्या स्वतःच्या घरी मुंबईहून माणसे आलेली असतात, पालखी दारी येणार असते, आणि अशा वेळी त्यांनी आमच्या पाहुण्यांची ताटे वाढावीत ही अपेक्षाच चुकीची आहे.

कागदपत्रांचे काम त्या मानाने सोपे आहे, पण ते वेळच्या वेळी करावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्यावरील दराला १८ टक्के. मालकाची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेखाली असेल तर संकेतस्थळावरून आलेल्या बुकिंगचा कर ते संकेतस्थळच भरते. थेट आलेल्या बुकिंगचा हिशेब मात्र स्वतः ठेवावा लागतो. परदेशी नागरिक राहायला आला, तर त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवणे बंधनकारक आहे. ओळखपत्र म्हणून शेवटचे चारच अंक दिसणारे मास्क्ड आधार आम्ही स्वीकारतो आणि पाहुण्यांच्या प्रती व्हॉट्सॲपवर फिरत राहू देत नाही.

प्रत्येक बुकिंगच्या रकमेतला पाचवा हिस्सा आम्ही वेगळ्या खात्यात ठेवतो आणि तो फक्त शाकारणी, रंग, प्लंबिंग आणि पावसाळ्यातील मानधन यांसाठीच वापरतो. नवरात्राच्या सुमारास पाऊस ओसरला की झाप उतरतात, गाद्यांना ऊन दाखवले जाते, टाक्या धुऊन विहिरीत टीसीएल (पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग) पावडर टाकली जाते आणि काही दिवसांनी पाण्याचा नमुना तपासणीला जातो. त्याचा अहवाल हाती आल्यानंतरच दिवाळीच्या तारखा आम्ही संकेतस्थळावर खुल्या करतो.