घरच्या लटांबरासह समुद्रावर: एका नीटनेटक्या किनाऱ्याचा वृत्तांत

आमचं लटांबर असं: गुडघ्यांनी असहकार पुकारलेल्या सासूबाई, पाण्याची भीती म्हणून ठाऊक नसलेली सात वर्षांची लेक, हाताला लागेल ते तोंडात घालणारा दीड वर्षाचा धाकटा, नणंद आणि तिचा चौदा वर्षांचा मुलगा. शिवाय "मी नुसता वाळूत पडून राहणार" असं निघायच्या आधीच जाहीर केलेला नवरा. या सगळ्यांना एकाच किनाऱ्यावर दिवसभर सुखाने ठेवायचं, तर तो किनारा नुसता देखणा असून भागत नाही.

किनाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की चर्चा "तिथे जावं की नाही" यावर घसरते. मला सांगायचंय ते कुठल्याही स्वच्छ, सोयींनी युक्त किनाऱ्यावर लागू पडतं.

निवडताना मी आधी 'ब्लू फ्लॅग' बघितला. हा निळा झेंडा १९८५ साली फ्रान्समध्ये सुरू झाला, १९८७ पासून युरोपभर गेला आणि आता इतर खंडांतही फडकतो. कोपनहेगनच्या 'फाउंडेशन फॉर एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन' या संस्थेकडून तो दिला जातो आणि त्यासाठी पाण्याचा दर्जा, कचऱ्याची व्यवस्था, सुरक्षा, सोयी असे तीसहून जास्त निकष आहेत. झेंडा कायमचा मिळत नाही. तो एका हंगामापुरता असतो, आणि दर्जा घसरला तर उतरवावा लागतो. त्यामुळे "गेल्या वर्षी होता" हे ऐकून निघू नका. हंगाम संपला की पुष्कळ ठिकाणी झेंड्याबरोबर जीवरक्षकही जातात. किनारा तोच राहतो, पण ज्याच्या भरवशावर आपण पोरंबाळं घेऊन निघालो तेच तिथे नसतं.

झेंडा नसलेले उत्तम किनारेही असतात. तिथे फलक वाचा. चांगल्या किनाऱ्यावर प्रवेशापाशीच नकाशा असतो आणि शेजारी पाण्याच्या तपासणीचे आकडे लावलेले असतात. ब्लू फ्लॅगसाठी हंगामात किमान पाच नमुने तपासावे लागतात आणि दोन नमुन्यांत ३१ दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. समुद्राच्या पाण्यात दर १०० मिलिलिटरला सांडपाणी मिसळल्याची खूण देणारे जीवाणू, म्हणजे ई. कोलाय २५०च्या आणि एन्टेरोकॉकाय १००च्या आत असावे लागतात. हे आकडे पाठ करायची गरज नाही. शेवटच्या नमुन्याची तारीख तेवढी बघा. जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर एक-दोन दिवस पाण्यात उतरूच नका, मग फलकावर काहीही लिहिलेलं असो. शहराची गटारं आणि ओढे त्या पावसात समुद्रातच रिकामे होतात, आणि धाकट्यासारखी मुलं ते पाणी पितात.

आता मुख्य गोष्ट. आपण सहलीचा दिवस आपल्या झोपेवर, भुकेवर आणि सूर्यास्ताच्या फोटोवर आखतो. समुद्रावर दोन वेळापत्रकं आपल्याआधी ठरलेली असतात: एक भरती-ओहोटीचं आणि दुसरं तिथल्या कर्मचाऱ्यांचं. ही दोन्ही आदल्या रात्री शेजारी शेजारी मांडली की निम्मा दिवस आपोआप आखला जातो.

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून भरतीची वेळ रोज जवळपास ५० मिनिटांनी पुढे सरकते. काल दुपारी बाराला किनारा कसा होता याचा आज बाराला काही उपयोग नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी फार आत येतं आणि फार मागेही जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. लहान मुलं बरोबर असतील आणि तारीख आपल्या हातात असेल, तर मी डोळे मिटून भांगाचे दिवस घेईन.

शिवाय पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढंच, दुसऱ्या तासात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच अर्धी भरती येऊन जाते. उतार सौम्य असलेल्या किनाऱ्यावर तेव्हा पाणी बघता बघता चटयांपर्यंत पोचतं. सामान कुठे ठेवायचं हे समुद्रच सांगून ठेवतो: वाळलेल्या शेवाळाची आणि काडीकचऱ्याची जी ओळ दिसते तिच्या वर. आमच्या पुढ्यात बसलेल्या एका मंडळींच्या चपला तरंगायला लागल्या होत्या.

आमच्या दिवशी ओहोटीचा तळ सकाळी साडेनऊच्या आसपास होता आणि जीवरक्षक नऊला येणार होते. आम्ही आठलाच पोचलो. तोवर कुणी पाण्यात जायचं नाही हे घरीच ठरलं होतं, आणि गरजही पडली नाही. मागे गेलेल्या पाण्याने इतकी ओली, घट्ट वाळू मोकळी करून ठेवली होती की लेक आणि भाचा खेकड्यांच्या बिळांमागे हरवून गेले.

सासूबाईंचं म्हणणं आधीपासून एकच: "वाळूत मला कुठे ओढताय? मी खोलीवरच बसते." या किनाऱ्यावर वाळूवर अंथरलेला पट्ट्यांचा रस्ता होता आणि फुगीर, जाड टायरांची वाळूतली चाकाची खुर्ची मिळत होती. नकाशावर चाकाच्या खुर्चीची खूण असली तरी फोन करून तीन गोष्टी विचारा: खुर्ची आधी राखून ठेवावी लागते का, अंथरलेला रस्ता पाण्यापासून किती अंतरावर संपतो, आणि स्वच्छतागृहापर्यंत पायऱ्या आहेत का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. वाळूतली खुर्ची आहे पण स्वच्छतागृहाला चार पायऱ्या आहेत, अशा सोयीचा उपयोग शून्य. आईंना खुर्चीत बसवून आम्ही ओल्या वाळूपर्यंत नेलं. पाचव्या मिनिटाला त्या खुर्ची ढकलणाऱ्या मुलाला डावी-उजवीकडच्या सूचना देत होत्या.

जीवरक्षक आल्यावर आधी त्यांना भेटा. संकोच करू नका, विचारलेलं त्यांना आवडतं. आज कुठे उतरायचं नाही, कुठल्या झेंड्यांच्या मध्ये राहायचं, आणि तुम्ही किती वाजेपर्यंत आहात, एवढं पुरे. वर लाल, खाली पिवळा अशा दोन झेंड्यांमधल्या पट्ट्यावर त्यांची नजर असते, पोहायचं ते तिथेच. नुसता पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही. जांभळा झेंडा जेलीफिशसारख्या डंख करणाऱ्या जिवांसाठी असतो. नारिंगी रंगाची वाऱ्याची पिशवी फडकत असेल तर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतोय, तेव्हा हवा भरलेली खेळणी पिशवीबाहेरच काढायची नाहीत. (खरं तर ती खेळणी समुद्रावर कधीच नकोत असं माझं मत आहे. तलावात शोभतात.)

आम्ही बोलत असतानाच भाचा म्हणाला, "मामी, तिकडे बघ, लाटाच नाहीत. धाकट्याला तिथे नेऊ या." दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटत होत्या आणि मध्ये गडद, सपाट पाण्याची एक वाट दिसत होती. जीवरक्षकाने मान हलवली आणि त्याला खांद्याला धरून दाखवलं: त्या वाटेवरचा फेस किनाऱ्याकडे येत नव्हता, बाहेर जात होता. हाच रिप करंट. लाटांनी आणलेलं पाणी जिथून परत जातं तो चिंचोळा प्रवाह. तो सहसा फार वेगवान नसतो, पण कधी कधी सेकंदाला दोन मीटरच्याही पुढे जातो, आणि त्या वेगाशी ऑलिंपिकचा पोहणाराही टिकत नाही. उतरत्या ओहोटीत त्याचा जोर बऱ्याचदा वाढतो, म्हणून आम्ही पाणी वळेपर्यंत थांबलो. त्यात सापडलंच तर किनाऱ्याकडे हातपाय मारून दमायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडायचं. चौदा वर्षांच्या मुलाला हे आईने सांगितलेलं पटत नाही, गणवेशातल्या माणसाने सांगितलेलं लगेच पटतं. या कारणासाठी तरी मुलांना त्या भेटीला न्या.

जीवरक्षक असला तरी आपल्या मुलांवर नजर आपलीच. बुडणारं मूल ओरडत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असताना श्वासच पुरत नाही, तर हाक कुठली मारणार? हे सगळं मिनिटभराच्या आत उरकू शकतं. मोठी माणसं जास्त असली की धोका वाढतो, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. आम्ही एक भडक नारिंगी टोपी नेली होती. ती ज्याच्या डोक्यावर, त्याने फक्त पाण्याकडे बघायचं. फोन नाही, पुस्तक नाही, गप्पा नाहीत. वीस मिनिटांनी टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि ती देताना "आता तू" असं तोंडाने म्हणायचं. वाळूत पडून राहणाऱ्या गृहस्थांनाही पाळी चुकली नाही. धाकटा मात्र टोपीच्या भरवशावर नव्हता. एवढ्या लहान मुलाच्या हाताच्या अंतरावर कुणीतरी हवंच, पाणी घोट्याएवढं असलं तरी.

मुलांचे पोहायचे कपडे घेताना रंग बघा. निळा, पांढरा, राखाडी पाण्यात दिसेनासा होतो. झगझगीत नारिंगी, पोपटी, गुलाबी लांबूनही सापडतो. सकाळी पोचल्यावर त्या दिवशीच्या कपड्यांत प्रत्येक मुलाचा एक फोटो काढून ठेवा आणि मनगटावर फोन नंबर लिहा. चुकलं तर कुठे येऊन उभं राहायचं ती जागा मुलांना बोटाने दाखवा. जीवरक्षकांचा मनोरा उत्तम. "आपल्या छत्रीपाशी" चालत नाही, दुपारपर्यंत सगळ्या छत्र्या सारख्याच दिसतात.

लेक आणि भाचा मिळून खड्डा खणत होते. कंबरेएवढा झाला तेव्हा जीवरक्षक स्वतः चालत आला आणि बुजवायला लावला. वाळूच्या भिंती कोसळल्या की आतल्या माणसाला बाहेर काढायला वेळ मिळत नाही. सगळ्यात लहान मुलाच्या गुडघ्याएवढा, त्याहून खोल नाही. आणि निघताना बुजवायचा.

उन्हाबद्दल थोडक्यात. साडेअकरा ते साडेतीन आम्ही किनाऱ्यावर नव्हतोच. भरतीचे सगळ्यात घाईचे तास आणि सगळ्यात कडक ऊन त्या दिवशी एकत्र आलं होतं, धाकट्याची झोपही त्यातच बसवली. एसपीएफ ३० किंवा जास्त असलेलं सनस्क्रीन उन्हात जायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. मोठ्या माणसाला एका वेळी सुमारे ३० मिलिलिटर लागतं. आपण लावतो त्यापेक्षा हे बरंच जास्त आहे, त्यामुळे पूर्ण बाह्यांचे कपडे स्वस्तात पडतात. छत्रीखाली बसलं म्हणजे सुटलो असंही नाही. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परत फेकते आणि समुद्राचा फेस २५ टक्के. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सावलीतच ठेवावं.

दुपारी परतलो तेव्हा ओल्या वाळूवर एक पारदर्शक जेलीफिश पडला होता आणि लेकीचा हात पुढे गेलाच होता. मेलेला दिसला तरी तो डंख करू शकतो. डंख झालाच तर चोळायचं नाही, वाळू लावायची नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. सरळ जीवरक्षकाकडे जायचं. जातीप्रमाणे उपचार बदलतात आणि तिथे कुठली जात येते हे त्यांना ठाऊक असतं.

साडेतीनला भरती जवळपास पूर्ण होती आणि सकाळचं मैदान अरुंद पट्टी होऊन बसलं होतं. गर्दी तीच, जागा निम्मी. पळापळीचे खेळ सकाळीच उरकले होते हे बरं. आता पाळी होती नणंदेची आणि भाच्याची, झेंड्यांच्या मध्ये पोहायची. साडेपाचला जीवरक्षकांनी शिट्टी वाजवून झेंडे काढले. त्यानंतर पाण्यात जाणं म्हणजे तो किनारा सोयींचा उरलेलाच नाही असं समजा.

शॉवर सहाला बंद होणार होते. पावणेसहाला तिथे रांग लागते, म्हणून आईंना आणि धाकट्याला पाचलाच नेलं. उघड्यावरच्या शॉवरखाली साबण वापरू नका, ते पाणी बऱ्याच ठिकाणी थेट वाळूत मुरतं. अंगाला चिकटलेली वाळू ओली असताना पुसत बसू नका. अंग कोरडं झाल्यावर थोडी पावडर टाकून झटकली की सहज निघते. ओल्या कपड्यांसाठी तोंड बांधता येईल अशी पिशवी आणि गाडीच्या सीटवर टाकायला जुनी चादर न्या. आणि वाळूतल्या खुर्चीसाठी अनामत ठेवली असेल, तर ती परत देणारी खिडकी शॉवरच्या आधी बंद होते का, हे सकाळीच विचारून ठेवा.