गिझरचे २००० वॅट मोजताना: माझा अनुभव

गिझरच्या पाटीवर २००० वॅट ठळक असतं. त्याच्या शेजारी २३० व्होल्टही लिहिलेलं असतं, ते सहसा कोणी वाचत नाही. नाशिकला डिसेंबरात टाकीतलं पाणी १८ अंशांवर आलं की १५ लिटरचा गिझर वेळ घेणारच. पण त्यातला दोष थंडीचा किती आणि वायरिंगचा किती, हे हात लावून कळत नाही. सिडकोतल्या घरी मी व्होल्ट आणि अँपिअर मोजून हा हिशेब केला.

आधी पाटीवरून काय यायला हवं ते काढलं. २३० चा वर्ग भागिले २००० म्हणजे कॉइलचा रोध २६.४५ ओहम. २००० भागिले २३० म्हणजे करंट ८.७ अँपिअर.

मग प्लग काढला आणि मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवला. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवले तर ०.४ दिसलं, हा वायरींचा स्वतःचा रोध. प्लगच्या फेज-न्यूट्रल पिनांवर २६.९ आलं. त्यातून ०.४ वजा केलं की २६.५, म्हणजे कॉइल ठणठणीत. इथे लोक थर्मोस्टॅटमुळे फसतात. पाणी तापलेलं असेल तर त्याचा संपर्क सुटलेला असतो, मीटर काहीच दाखवत नाही आणि चांगली कॉइल ‘गेली’ म्हणून बदलली जाते. त्यामुळे हे माप थंड पाण्यावर, नॉब पूर्ण फिरवूनच घ्यायचं. अर्थच्या मोठ्या पिनेपासून बाकी दोघींपर्यंत मात्र काहीही दिसता कामा नये. दिसलं तर गिझर लावायचाच नाही. जुन्या पिवळ्या बल्बला ही पद्धत चालत नाही. १०० वॅटच्या बल्बचा रोध पेटल्यावर ५२९ ओहम असतो, पण थंड असताना त्याच्या दहाव्या भागापेक्षाही कमी भरतो. गिझरच्या कॉइलची तार तापून फारशी बदलत नाही, म्हणून इथे निभावतं.

चालू गिझरचं माप घ्यायला १६ अँपिअरचा, मीटरभर अडीच स्क्वेअरच्या (म्हणजे चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरीचा दोन सॉकेटचा एक्स्टेन्शन बोर्ड केला. केबलचं बाहेरचं आवरण वीतभर सोलून आतल्या तीन वायरी सुट्या केल्या, त्यांचं स्वतःचं इन्सुलेशन तसंच ठेवून. टाँग टेस्टर, म्हणजे वायरीला चिमट्यासारखा अडकवून करंट मोजायचा मीटर, फक्त फेजच्या वायरीभोवती अडकवायचा. अख्ख्या केबलभोवती अडकवला तर तो शून्य दाखवतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात. मल्टिमीटर १० अँपिअरच्या भोकात लावून सॉकेटमध्ये खुपसणं हा सरळ शॉर्टसर्किट आहे, ते कधीच करू नये.

सकाळी साडेसहाला, आळीतले सगळे गिझर चालू असताना, आकडे घेतले. मीटरपेटीजवळच्या, वेगळ्या एमसीबीवरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये २२४ व्होल्ट होते. (एकलहऱ्याचं वीजकेंद्र जवळ आहे म्हणून आपल्याला पूर्ण २३० मिळतात असं नाही; आपल्या ट्रान्सफॉर्मरवर भार किती, त्यावर ते ठरतं.) त्याच वेळी गिझरच्या एक्स्टेन्शनवर २१४ व्होल्ट आणि ८.१ अँपिअर. व्होल्टेज हलत असतं, म्हणून आलटून पालटून तीनदा घेतलं.

२१४ भागिले ८.१ म्हणजे २६.४ ओहम. कॉइल तीच. २१४ गुणिले ८.१ म्हणजे १७३३ वॅट. व्होल्टेज ७ टक्क्यांनी कमी, पण वॅट १३ टक्क्यांनी कमी, कारण वॅट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतात.

खरी गोम मधल्या १० व्होल्टमध्ये होती. १० भागिले ८.१ म्हणजे वाटेतला रोध १.२३ ओहम. मीटरपेटीपासून बाथरूमपर्यंत १८ मीटर, जाऊन-येऊन ३६ मीटर, वायर दीड स्क्वेअरची. तिचा रोध किलोमीटरला १३.३ ओहम धरला तर ०.४८ ओहम होतो. उरलेला ०.७५ ओहम कुठल्या तरी जॉइंटमध्ये. ८.१ चा वर्ग गुणिले ०.७५ म्हणजे ४९ वॅट. सोल्डरिंगच्या २५ वॅटच्या दोन इस्त्र्या भिंतीतल्या डबीत कोंडल्यासारखं झालं.

पडताळा वीजमीटरने घेतला. बाकी सगळं बंद केलं. मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट छापलेलं होतं, आणि लाल दिवा ६० वेळा लुकलुकायला ३७ सेकंद लागले. म्हणजे १८२४ वॅट. २२४ गुणिले ८.१ चे १८१४ येतात, जुळलं. बिल १८१४ वॅटचं, पाण्याला १७३३.

एमसीबी बंद करून वायरमनकडून जंक्शन बॉक्स उघडवला. न्यूट्रलच्या नुसत्या पिळून टेप लावलेल्या जॉइंटवरची टेप वितळून काळी पडली होती. पितळी कनेक्टर लावला, पाइपातून अडीचची वायर ओढून घेतली. मग मीटरपेटीजवळ २२४ असताना गिझरवर २२१ व्होल्ट, ८.४ अँपिअर: १८५६ वॅट. १८ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत जायला आधी हिशेबाने सव्वासोळा मिनिटं, आता सव्वापंधरा. वेळ मिनिटाचाच वाचला. उशिराचा दोष बहुतेक थंडीचाच निघाला, पण डबी जळायची वाचली.

हा गुणाकार पंप, फ्रिज, पंख्याला लावू नये. तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे व्हीए (व्होल्ट-अँपिअर). वॅट त्याहून कमी असतात: व्हीएला पॉवर फॅक्टर या एकाहून लहान आकड्याने गुणलं की वॅट मिळतात. व्होल्ट भागिले अँपिअर केल्यावरही मोटरच्या वाइंडिंगचा रोध मिळत नाही. तिथे वीजमीटरचा दिवा मोजणंच बरं.

कनेक्टरचे स्क्रू तापून-निवून ढिले पडतात, म्हणून महिन्याने ते पुन्हा आवळून घेतले आणि आकडे पुन्हा घेतले. मीटरपेटीजवळ २२६, गिझरवर २२३.