गुरांचा वाडा ते घर: भिंतीतला लोणा आणि चुन्याचा गिलावा

मंडळी, पाऊस ओसरला, भाताची झोडणी उरकली आणि वाड्याचं काम पुन्हा हातात घेतलं. मागच्या हंगामात छप्पर आणि खांब झाले. यंदा सगळा जोर भिंतींवर आहे. भिंतींबद्दल सांगण्यासारखं खूप साठलंय, त्यामुळे बाकीचं थोडक्यात उरकतो.

ज्यांना आधीचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी: संगमेश्वर तालुक्यात आमच्या वाडीवर आजोबांनी बांधलेला हा गुरांचा वाडा. मातीत रचलेल्या जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, फणसाचे खांब, ऐनाचे वासे, वर मंगलोरी कौलं. खाली गुरं बांधायची, माळ्यावर पेंढा भरायचा. आता गुरं राहिली नाहीत. बाहेरच्या भिंती आणि छपराची ठेवण जशीच्या तशी राखून आत राहतं घर करायचं, असं आम्ही घरच्यांनी ठरवलं. जागा गावठाणात असल्याने जमिनीची भानगड नव्हती. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नोंद मात्र 'गोठा' अशी आहे, ती बदलण्यासाठी अर्ज दिलाय.

आता मुद्द्यावर येतो. जुना गोठा हाती घेणार असाल तर आधी भिंतीत काय मुरलंय ते बघा. छप्पर गळतं ते डोळ्यांना दिसतं, वासा किडला तर टोचून कळतो. भिंतीतलं मीठ, म्हणजेच लोणा, मात्र पावसाळ्यापर्यंत पत्ता लागू देत नाही.

गुरांचं मूत वर्षानुवर्षं जमिनीत आणि भिंतीच्या पायथ्याशी जिरतं. त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा (पोटॅशियम नायट्रेट) पूर्वी अशाच मातीतून काढत. बिहारमधल्या नोनिया लोकांचा तो पिढीजात धंदाच होता. ही खारी माती पाण्यात भिजवायची, निवळ काढायची, लाकडाची राख वापरायची आणि आटवून स्फटिक पाडायचे. म्हणजे आपण ज्या भिंतींना टेकून झोपणार आहोत त्या एका अर्थी सोऱ्याचं कोठार आहेत. जांभा सच्छिद्र असल्यामुळे तो हे सगळं पिऊन बसतो.

नायट्रेटमध्ये सगळ्यात त्रासदायक कॅल्शियम नायट्रेट. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास गेली की ते हवेतूनच पाणी ओढून विरघळायला लागतं. सोडियम नायट्रेटला त्यासाठी साधारण ७५ टक्के लागतात, पोटॅशियम नायट्रेटला ९० च्याही वर. कोकणातल्या पावसाळ्यात हवा कुठे असते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणूनच आमच्या उत्तरेच्या भिंतीला वरून एक थेंब येत नसताना कमरेइतका ओला पट्टा उठायचा. गावात सगळे म्हणत होते कौलं गळतायत. कौलं कोरडीठाक होती. उन्हाळ्यात तीच भिंत सुकली की वर पांढरी भुकटी फुटायची आणि बोट फिरवलं की चिऱ्याचा लालसर चुरा खाली पडायचा. मीठ विरघळतं, पुन्हा स्फटिक होतं, आणि प्रत्येक वेळी दगडाच्या छिद्रांना आतून रेटा देतं.

तपासणी घरच्या घरी होते. माशांच्या टाकीचं पाणी बघायला ज्या नायट्रेटच्या पट्ट्या मिळतात त्याच आणल्या. भिंतीवर जमिनीलगत, गुडघ्याएवढ्या, कमरेएवढ्या आणि छातीएवढ्या उंचीवर ड्रिलने भोकं पाडली. प्रत्येक भोकाची भुकटी वेगळ्या बाटलीत घेतली. सगळ्यांचं वजन सारखं, प्रत्येकीत डिस्टिल्ड वॉटर सारखं. पट्टी बुडवली की रंग बोलतो. गुडघ्याच्या उंचीची पट्टी गडद गुलाबी झाली, छातीच्या उंचीची जवळपास पांढरीच राहिली. गव्हाणीमागच्या भिंतीपेक्षा मूत वाहून जायची पन्हळ होती त्या बाजूचा रंग कितीतरी गडद आला. यातून नेमका आकडा निघत नाही, पण कुठली भिंत आजारी आणि कुठवर, हे कळतं. ज्यांचं काम चालू आहे त्यांनी हे आधी करा, मग गवंड्याला बोलवा.

आमचे गवंडीकाका चुन्यातले जुने कारागीर. पट्ट्या त्यांनी कौतुकाने पाहिल्या, मग भिंतीवर तळवा टेकवला आणि म्हणाले, "दादा, हिला अजून ओकू दे. आत्ता लिंपलंस तर सगळं तुझ्या अंगावर येईल." पट्टीने जे दाखवलं तेच त्यांच्या तळव्याने सांगितलं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

सिमेंटचा गिलावा का नको, हे पुन्हा एकदा लिहितो, कारण गावोगावी अजून तोच थापला जातो. सिमेंट घट्ट असतं, ओलावा त्यातून सहज बाहेर पडत नाही. मग पाणी वरच्या बाजूला चढतं, मीठ गिलाव्याच्या मागे साचतं आणि काही वर्षांत गिलावा चिऱ्याची साल घेऊनच सुटतो. दगड एकदा गेला की गेला. चुना मऊ आणि सच्छिद्र. मीठ त्यात येऊन साचतं, फुटायचं ते चुन्यात फुटतं, दगड वाचतो. खराब झालेला चुना खरवडून टाकायचा, त्याच्याबरोबर मीठही जातं.

तर क्रम असा धरला. आधी जमीन. शेणामुतात मुरलेली वरची माती दीड फूट खणून काढली आणि थेट आंब्याच्या कलमांना घातली. नायट्रेट म्हणजे झाडांचं जेवण, वाया काहीच गेलं नाही. खड्ड्यात जाड खडीचा थर दिला म्हणजे खालची ओल वर चढायला वाट राहत नाही. त्यावर चुन्याचा कोबा येणार आहे. वाड्याबाहेरून चर खणून भिंतीच्या कडेचं पावसाचं पाणी उताराकडे काढलं. पायाशी पाणी मुरत राहिलं तर वरची सगळी मेहनत फुकट.

मग भिंती. सुटे झालेले दर्जे, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, खरवडले, कोरड्या ब्रशने भुकटी झाडून सुपात गोळा केली. पाण्याने धुवायचा मोह होतो, तो टाळा, मीठ पुन्हा आत जातं. सगळ्यात खराब पट्ट्यावर कागदाच्या लगद्याचा लेप दिला. कोरा, शाई नसलेला कागद डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून कुटायचा, बोटाच्या पेराएवढा जाड थापायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. वाळताना भिंतीतलं पाणी लगद्याकडे येतं आणि मीठ सोबत आणतं. वाळला की साल निघावी तसा सुटतो. आमचा पहिला लेप निघाला तेव्हा आतल्या अंगाला पांढरी बुरशी वाटावी इतके बारीक स्फटिक चमकत होते. लेप जसजसे बदलत गेलो तसतशी पट्टी फिकट होत गेली. सगळं मीठ कधीच निघणार नाही आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

आता पहिला गिलावा चालू आहे. हा बळीचा गिलावा, काही वर्षांत काढून टाकायचाच. कळीचा चुना भिजवून पाण्याखाली मुरत ठेवला होता. एक भाग चुन्याला तीन भाग वाळू. वाळूबाबत आपल्याकडे विशेष सांभाळा: खाडीची वाळू अजिबात नको, ती स्वतःचं मीठ घेऊन येते. नदीची मिळाली तर उत्तम, नाहीतर धुतलेली क्रश सँड. गिलावा लावल्यावर ओली गोणपाटं टांगतो, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो आणि त्यासाठी थोडी ओल टिकावी लागते. उन्हाचा झोत बसला तर भेगा पडतात.

छपराबद्दल एवढंच की वानरांनी फोडलेली कौलं बदलून झाली. जुनी उतरवताना काहींवर बासेल मिशनचा (मंगलोरी कौलांचे कारखाने चालवणाऱ्या स्विस मिशनऱ्यांचा) छाप आणि १८६५ हा आकडा मिळाला. हे साल कारखान्याच्या स्थापनेचं, कौलाचं नव्हे, हे ध्यानात ठेवा. पहिल्या महायुद्धानंतर ते कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, तेव्हा बासेल मिशनचा छाप असेल तर कौल बहुधा त्याआधीचं. बोटाच्या गाठीने वाजवून बघितली, खणखणीत वाजली ती सगळी पुन्हा चढवली. माळ्यावर झोपायची खोली येणार, तिथे उजेडासाठी मध्ये मध्ये काचेची कौलं बसवली आहेत.

खांबांचे बुंधे कुजले होते तेवढेच कापून सुताराने नवा फणस सांधला आणि प्रत्येक खांब तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) उचलून ठेवला. वाळवीसाठी लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी पाजलं. वायरिंग भिंतीत झिरी न पाडता वरून पाइपातून नेतोय. न्हाणीघर आणि स्वयंपाकघराची मोरी जुन्या भिंतींच्या आत घेतलीच नाही. त्यांच्यासाठी मागे नवी पडवी काढली, म्हणजे रोजचं पाणी चिऱ्यापासून लांब राहील.

गव्हाण ठेवली आहे. सागाची फळी, आणि बैलांच्या माना घासून घासून तिची कड अशी गुळगुळीत झालीये की कुठल्याही रंध्याने ती येणार नाही. तिच्यामागच्या भिंतीला हवा खेळावी म्हणून चार बोटं पुढे ओढून बसवणार आहे. बसायला बाक म्हणून ती बैठकीच्या खोलीत राहील.

पुढचं काम चुन्याच्या कोब्याचं. त्यासाठी विटांची सुर्खी (भुकटी) हवी, आणि ती भट्टीत नीट भाजलेल्या पण फार कडक न झालेल्या विटांचीच पाहिजे. रत्नागिरी किंवा चिपळूणच्या बाजूला चुना दळायची चालू घाणी कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा. मिक्सरमध्ये कालवलेला आणि घाणीत दळलेला चुना शेजारी शेजारी लावून बघायचाय. मेपर्यंत कोबा धरला पाहिजे, जूनमध्ये हवा पुन्हा ओली होईल आणि उत्तरेच्या भिंतीवर पट्ट्यांची चाचणी त्याच जागी, त्याच उंचीवर परत घेईन.