"दुखत तर नाही"

"ते सहा महिन्यांचं इंजेक्शन या वेळी राहू दे. दुखत तर काहीच नाही."

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या औषधाच्या दुकानात सत्तरीच्या एक काकू आज हे अगदी सहज म्हणाल्या.

हाड ठिसूळ होताना दुखतच नाही हो. दुखतं ते मोडल्यावर.

ते इंजेक्शन हाडांची झीज रोखणाऱ्या डेनोसुमॅब या औषधाचं, ६० मिलिग्रॅम. त्याचा असर हाडात साठून राहत नाही. डोस चुकला की हाडं भराभर झिजू लागतात, आणि एकामागून एक मणके दबू शकतात. थांबवायचंच असेल तर डॉक्टर त्यामागून दुसरं औषध देतात, बहुधा अलेंड्रोनेट किंवा झोलेड्रॉनिक ॲसिड. ही दोन्ही हाडात मुरतात, म्हणून काही वर्षांनी त्यांना सुट्टी देता येते. डेनोसुमॅबला नाही.

हे पहिल्या इंजेक्शनच्या आधीच सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा. उठल्याउठल्या, उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास चहा नाही, कॅल्शियमची गोळी नाही, आडवं होणं नाही. नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही, आणि आडवं झालं तर अन्ननलिका सोलवटू शकते. ज्यांना तेवढा वेळ ताठ बसवत नाही, त्यांना ही गोळी नकोच. झोलेड्रॉनिक वर्षातून एकदा शिरेतून, पण किडनीचा रिपोर्ट पाहूनच. आणि काहीही सुरू करण्याआधी डी जीवनसत्त्व आणि दात तपासून घ्यायचे.

तुमच्या घरातल्या आजीच्या पुढच्या इंजेक्शनची तारीख कालनिर्णयावर कोणी लिहून ठेवली आहे का?