न खेळलेल्या सामन्याचा कर

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आमच्या करसल्लागारीच्या धंद्यात नवा क्लायंट कुणी घेत नाही. जेवणसुद्धा कीबोर्डशेजारी होतं. पण हा माझ्या जुन्या क्लायंटबाईंचा भाचा, नाही म्हणता येईना. ‘फुटबॉल खेळतो,’ एवढंच बाई म्हणाल्या होत्या. डॅलसच्या उपनगरात हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की मी ते सोडून दिलं. मुलाने समोर डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला ठेवला तेव्हा पगार देणाऱ्याचं नाव वाचून मी चष्मा नीट केला. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सर्वोच्च लीगचा संघ.

नाव, संघ काही लिहिणार नाही. इथे करसल्लागाराने रिटर्नमधली माहिती फोडणं हा फौजदारी गुन्हा आहे. त्याला विचारून, ओळख पटेल असं सगळं गाळून लिहिते आहे.

तो वाइड रिसीव्हर. म्हणजे मैदानाच्या कडेला उभा राहून, ठरलेल्या वाटेने धावत जाऊन क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, दिलेला पास झेलणारा. बातम्यांत येतात ते कोट्यवधी डॉलर्सवाले रिसीव्हर. पण संघात एकूण रिसीव्हर पाच-सहा असतात आणि पाचव्या-सहाव्याला झेल घ्यायची पाळी क्वचित येते. पंट झाला, म्हणजे आपल्या संघाने लाथेने चेंडू समोरच्यांकडे दूर धाडला, की सगळ्यांत आधी धावत जाऊन तो झेलणाऱ्याला पाडणं हे त्याचं खरं काम. माझा मुलगा पाचवा. (क्लायंट म्हणायला हवं, पण वय माझ्या मुलाएवढंच.)

2023 च्या हंगामाचा त्याचा हिशेब असा होता. हंगामाआधीच्या कॅम्पला 90 जण असतात. ऑगस्टच्या शेवटी एकाच दिवशी ते 53 वर आणायचे. 32 संघ धरले तर एका दुपारपर्यंत जवळजवळ बाराशे जणांची नोकरी जाते. तो 53 मध्ये राहिला. दोन हंगाम पदरी असलेल्याचा किमान पगार त्या वर्षी 9,40,000 डॉलर. ऐकायला जबरदस्त, पण तो हंगामाच्या 18 आठवड्यांत विभागलेला आणि नाव यादीत असेल तेवढ्याच आठवड्यांचा मिळतो. दुसऱ्या सामन्यानंतर संघाच्या दोन लाइनमनना, म्हणजे पुढच्या फळीतल्या धिप्पाड खेळाडूंना, दुखापत झाली, त्यांच्या बदल्यात माणूस हवा होता आणि 53 चे 54 करता येत नाहीत. मंगळवारी याला काढलं. दुसऱ्या दिवशी त्याच संघाने प्रॅक्टिस स्क्वाडवर, म्हणजे सरावापुरत्या ठेवलेल्या राखीव खेळाडूंत घेतलं, आठवड्याला 12,000 वर. आधी आठवड्याला बावन्न हजार मिळत होते.

“दोनच सामने,” तो म्हणाला. मला वाटलं पैशांबद्दल बोलतोय. ते नव्हतं. एनएफएलच्या पेन्शनला तीन हंगाम लागतात, निवृत्तीनंतरच्या पाच वर्षांच्या आरोग्यविम्यालाही तेच. आणि हंगाम मोजला जायला मुख्य यादीत किमान तीन सामने हवेत. प्रॅक्टिस स्क्वाडचे आठवडे धरत नाहीत. त्याचे दोन हंगाम झाले होते. तिसरा एका सामन्याने राहिला.

मी एजंटचं कमिशन, धावण्याच्या कोचची फी वगैरे वजावटीच्या पावत्या बाजूला सारल्या. पगारदाराला त्यांची वजावट 2018 पासून बंद आहे, आणि हे ऐकून प्रत्येक खेळाडूचा चेहरा पडतो. मग राज्यांच्या ओळींकडे वळले.

टेक्ससमध्ये पगारावर राज्याचा कर नाही, म्हणून इथल्या लोकांना वाटतं आपण सुटलो. खेळाडू सुटत नाही. 1991 मध्ये शिकागो बुल्सने लॉस एंजेलिसमध्ये लेकर्सना हरवून बास्केटबॉलचं विजेतेपद नेलं आणि कॅलिफोर्नियाने त्यांच्या खेळाडूंकडून कर वसूल केला. इलिनॉयने उलट कायदा केला आणि तेव्हापासून बाहेरून खेळायला येणाऱ्यांवर कर लावण्याचं लोण राज्याराज्यांत पसरलं. हिशेब कामाच्या दिवसांवर असतो: कॅम्पपासून शेवटच्या सामन्यापर्यंत एकूण किती दिवस काम केलं, त्यातले त्या राज्यात किती.

त्याच्या डब्ल्यू-टूवर कॅलिफोर्नियाची ओळ होती. लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाविरुद्धचा सामना.

“लॉस एंजेलिसला शनिवारी पोहोचलास की शुक्रवारी?”

“पोहोचलोच नाही, मॅम.”

प्रॅक्टिस स्क्वाडच्या सगळ्यांना विमानात नेत नाहीत. संघाच्या पगार विभागाने सामन्यांचं वेळापत्रक पाहून सरसकट कर कापला होता.

मग तू त्या आठवड्यात काय केलंस, हे मी कागदासाठी विचारलं. तो खुलला तो तिथे. “मी पुका नाकुआ होतो.” नाकुआ त्या वर्षीचा रॅम्सचा नवा रिसीव्हर. पाचव्या फेरीत 177 वा निवडला गेलेला आणि पहिल्याच हंगामात 105 झेल, 1,486 यार्ड, नवख्यांचे दोन्ही विक्रम मोडणारा. आपल्या बचावफळीला त्याची सवय व्हावी म्हणून सरावात कुणीतरी तो व्हावा लागतो. संघाने नाकुआचा 17 नंबर अंगावर चढवून याला उभं केलं.

माझा स्टेपलर त्याने सेंटर (मधोमध उभा राहून चेंडू मागे देणारा) केला, हायलायटर्स लाइनमन केले. “बाकीचे रिसीव्हर इथे, लांब उभे राहतात. रॅम्सवाले इथे, आत, चिकटून. चेंडू निघायच्या आधी तो असा आडवा चालत येतो.” लाल पेन स्टेपलरमागून सरकलं. “आता तो ब्लॉक करणार की पळणार, हे कॉर्नरला, म्हणजे रिसीव्हरला रोखणाऱ्या बचावपटूला, शेवटच्या क्षणापर्यंत कळता कामा नये. म्हणून पहिली दोन पावलं अगदी सारखी.” ती दोन पावलं त्याने बोटांनी टेबलावर तीनदा करून दाखवली. उजव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वळलेली होती, तशीच जुळलेली. “आमचे कॉर्नर मला शिव्या घालत होते. म्हणजे बरोबर जमत होतं.”

शनिवारी बस विमानतळाकडे गेली. त्याने जिममध्ये वजनं उचलली आणि रविवारी सामना अपार्टमेंटमध्ये टीव्हीवर बघितला. एक पास आमच्या कॉर्नरने आधीच ओळखून पाडला, असं सांगताना तो ‘आमच्या’वर थोडा थांबला.

मी त्याला जेफ सॅटर्डेची केस सांगितली. इंडियानापोलिस कोल्ट्सचा सेंटर. 2008 मध्ये संघ क्लीव्हलँडला गेला आणि हा दुखापतीमुळे घरी उपचार घेत होता, तरी क्लीव्हलँड शहराने कर घेतला. प्रकरण ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 2015 मध्ये तो जिंकला. “तेव्हा संघाकडून प्रवासाची यादी आण, तुझं नाव नसलेली. जिमची नोंदही चालेल. तीनशेच्या आसपास डॉलर परत मिळतील.”

“म्हणजे मी तिथे नव्हतो, याचा पुरावा मीच आणायचा?”

“हो.”

तो खुर्चीत मागे रेलला. “राहू द्या, मॅम. तीनशेच ना? कॅलिफोर्नियाला वाटू दे, मी आलो होतो.”

इतक्या वर्षांत कर कमी दाखवा म्हणणारे ढिगाने भेटले. भरू द्या म्हणणारा हा एकटा. मी सहीच्या रकान्यावरचा मजकूर त्याच्याकडे फिरवला. माहिती खरी असल्याचं तिथे लिहून द्यावं लागतं, खोटी निघाली तर खोट्या शपथेचा गुन्हा. “तू मैदानावर होतास असं मी लिहू शकत नाही. माझं लायसन्स जाईल.” यावर तो इतका मोठ्याने हसला की बाहेर बसलेले सरदारजी आत डोकावले.

यादी त्याने दोन दिवसांत पाठवली, रिटर्न वेळेत गेलं.

ऑगस्टच्या शेवटी, यादी 53 वर आणायच्या दिवशी संध्याकाळी मेसेज आला: नवा संघ, मुख्य यादीत. ‘राज्याला टॅक्स नाही, मॅम. मी तपासलंय.’ मी लिहिलं, वेळापत्रक पाठव. त्याने फोटो पाठवला, पहिल्या तीन सामन्यांभोवती पेनाने गोल केलेला. त्यातले दोन कर घेणाऱ्या राज्यांत होते. तसं कळवलं. उत्तराला नुसता अंगठा आला.