एका प्लेअरमधल्या दोन चुली

आमच्या घरातला गाण्यांचा प्लेअर मुठीत मावतो. त्याच्या पोटात आठ जीबी जागा आहे आणि कडेला एक फट. तिच्यात बत्तीस जीबीचं कार्ड बसतं. हे कार्ड ११ मिलिमीटर रुंद, १५ लांब आणि जेमतेम १ मिलिमीटर जाड. शिंक आली तर उडून जाईल, म्हणून ते काढताना मी पंखा बंद करतो. दोन्हीकडची गाणी एकाच पडद्यावर दिसतात, एकाच इयरफोनातून ऐकू येतात. पण प्लेलिस्ट करायला बसलं की कळतं, या दोघांच्या चुली वेगळ्या आहेत. बाहेरून एक वाडा, एकच दिंडी दरवाजा. आत थोरल्याचं स्वयंपाकघर निराळं, धाकट्याचं निराळं, आणि एकाच्या पंगतीत दुसऱ्याचं पान मांडायचं नाही असा दंडक. मेमरीतल्या यादीत मेमरीतलीच गाणी, कार्डावरच्या यादीत कार्डावरचीच. दोन्ही मिसळून यादी केली तर प्लेअर भांडत नाही, परकी गाणी गुपचूप वगळून पुढे जातो. मला राग येतो तो या गुपचूपपणाचा. ‘सापडत नाही’ एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं.

मग दोन याद्या करा आणि एकीमागून एक लावा, असं कोणी म्हणेल. तसं म्हणणाऱ्याने माझ्या आत्याची सकाळ पाहिलेली नाही.

आत्याने ऐंशी ओलांडली. जन्म बडोद्यातला, नोकरी बडोद्यातली, आणि आता डांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात तिचंच राज्य. हिशेब गुजरातीत करते, रागावते मराठीत. तिची सकाळ गाण्यांवर चालते, घड्याळ फक्त भिंतीवर असतं. पहिली भूपाळी, गॅस पेटवण्याआधी. मग दोन अभंग. पहिल्यात चहाचं आधण, दुसऱ्यात दूध. शेवटचं कडवं सुरू झालं की दुधाकडे बघायचं, कारण ते त्याच सुमारास वर येतं. मग गुजराती संतकवी नरसिंह मेहतांचं एक प्रभातियुं, म्हणजे पहाटेचं पद. हे देवाची फुलं निवडताना, आणि आवाज थोडा मोठा, कारण समोरच्या गॅलरीतल्या बेनलाही ते हवं असतं. त्यानंतर फैयाज खाँसाहेबांचा ललित राग. मग पोहे परतेपर्यंत नाट्यपदं, आणि शेवटी भैरवी. भैरवी लागली म्हणजे नाश्ता झालेला असायला हवा. झाला नसेल तर दोष माझा, भैरवीचा नाही.

यातले अभंग आणि नाट्यपदं मी प्लेअर नवा असताना भरली, म्हणून ती आतल्या मेमरीत. खाँसाहेब नंतर आले. एका स्नेह्यांनी जुन्या तबकड्या संगणकावर उतरवून घेतल्या होत्या, त्या कार्डावरून आल्या आणि कार्डावरच राहिल्या. प्रभातियुंही तसंच. म्हणजे आत्याच्या सकाळी आत, बाहेर, पुन्हा आत अशा येरझाऱ्या आहेत. दोन याद्या केल्या तर दूध भैरवीत उतू जाईल.

फैयाज खाँसाहेबांना या क्रमात कुठे बसवायचं यावर आत्याशी वाद घालण्याची माझी टाप नाही. ते बडोदे दरबारचे गवई, १९५० साली इथेच वारले. आत्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, त्यांना समोर बसून ऐकलेलं. त्यामुळे आमच्याकडे त्यांचा उल्लेख वडीलधाऱ्यांच्या यादीतच होतो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या जुन्या तबकडीवर एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच मावायचं. एवढ्या मोठ्या गायकाने त्यात राग कसा बसवला असेल! पण त्या कोंडमाऱ्यामुळेच तो सकाळच्या कामात चपखल बसतो. फुलांचं तबक देवापाशी पोचतं आणि ललित संपतो. रेडिओवरचं त्यांचं जे गाणं पुढे प्रसिद्ध झालं, त्यात मात्र ते ऐसपैस गातात. ते मी रात्री ऐकतो. सकाळी आत्या परवानगी देणार नाही.

तर ही यादी. प्लेलिस्टमध्ये गाणी नसतात, नुसते पत्ते असतात. एम-थ्री-यू नावाची ही फाईल विनॅम्प या संगणकावर गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जमान्यात, १९९७ नंतरच्या वर्षांत, घरोघरी पोचली आणि अजून टिकून आहे, कारण ती साध्या नोटपॅडात उघडते. एका ओळीत एक पत्ता: अमुक फोल्डर, त्यातलं तमुक फोल्डर, त्यातली ही फाईल. हॅशने सुरू होणाऱ्या ओळी टिपणांच्या, त्यांत गाण्याची लांबी सेकंदांत आणि नाव. देवनागरी नावं टिकावीत म्हणून फाईल यूटीएफ-एट या सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या पद्धतीत साठवायची आणि तिच्या शेपटाला आठाचा आकडा जोडायचा, एवढंच पथ्य. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइट खातं, तरी आत्याची सगळी सकाळ चार केबीत बसते. एका ललितच्या जवळपास हजाराव्या हिश्श्यात.

ही एक लिपी तरी सगळ्या प्लेअरांना वाचता येते, हे थोडं नाही. १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद आमच्या या बडोद्यात भरली होती, भातखंड्यांच्या पुढाकाराने आणि सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने. सगळ्या देशासाठी एकच स्वरलेखन पद्धती असावी, हा तिथल्या चर्चेतला एक मोठा विषय. त्याच्याही आधी, १८८६ मध्ये, मौलाबक्षांच्या हाताखाली इथे गायनशाळा निघालेली, आणि त्यांनी स्वतःची स्वरलिपी करून क्रमिक पुस्तकंही काढलेली. इतकं होऊन आजही भातखंडे पद्धतीवाले वेगळे आणि पलुस्कर पद्धतीवाले वेगळे. त्यामानाने गाण्यांच्या यादीवर यंत्रांचं लवकर एकमत झालं.

एकमत झालं ते लिपीवर, पत्त्यांवर नाही. संगणकाला कार्ड जोडलं की त्याला एखादं अक्षर मिळतं, समजा एफ. यादीतल्या सगळ्या ओळी मग एफने सुरू होतात. प्लेअरच्या दुनियेत एफ नावाचं गावच नाही. म्हणून जाणकार सांगतात की पूर्ण पत्ता लिहू नका, ‘इथून एक पायरी वर चढ, मग अभंग फोल्डरात शीर’ असा लिहा. युक्ती चांगली आहे, पण ती त्याच चुलीपुरती. मेमरीला तिचं मूळ असतं, कार्डाला त्याचं. यादी कार्डावर ठेवून कितीही पायऱ्या चढलात तरी कार्डाच्याच माळ्यावर पोचता; तिथून पलीकडे जायला गच्ची नाही. शिवाय पायऱ्यांची तिरकी रेघ विंडोजमध्ये एका बाजूला कललेली आणि बाकी बहुतेक ठिकाणी दुसऱ्या. काही प्लेअर हे समजून घेतात, काही नाही.

फोनवर करून पाहा, असं बायको म्हणाली. अँड्रॉइड फोन कार्डाला एक आठ अक्षरी क्रमांक देतो, चार-चारच्या दोन गटांत. कार्ड फॉरमॅट होतं तेव्हा तो पडतो. पुढे मोठं कार्ड आणलं, जुन्यावरचं सगळं जसंच्या तसं उतरवलं, एक फोल्डर इकडचं तिकडे झालं नाही, तरी क्रमांक बदलला आणि पूर्ण पत्त्यांची यादी मुकी झाली. गाणी सगळी जागेवर.

यात मला खटकतं ते असं. गाणी पुन्हा मिळतात. एक हरवलं तर दुसरीकडून आणता येतं. दहा जणांकडे तेच अभंग असतात. भूपाळीनंतर काय आणि ललितच्या आधी काय, हे मात्र एकाच माणसाच्या डोक्यातून आलेलं असतं, आणि ते या चार केबीत आहे. यंत्र साडेतीन एमबीच्या गाण्याला जपतं, चार केबीच्या क्रमाला नाही. कार्ड काढून पुन्हा घातलं की प्लेअर लायब्ररी नव्याने जुळवतो. त्या गडबडीत एखादं गाणं गेलं असं फार क्वचित होतं. यादी गेली असं मात्र मी अनेकांकडून ऐकलं आहे.

यादीचा नादच सोडून फाईलींच्या नावांआधी आकडे घालणारेही आहेत. त्यांनाही सुख नाही. १, २ असे आकडे घातले तर बरीच यंत्रं एकनंतर दहा वाजवतात, मग अकरा, आणि एकोणीस होईपर्यंत दोनचा पत्ता नाही. म्हणून ०१ लिहायचं. तेवढं करूनही पेनड्राइव्हवर चालणारे स्वस्त स्पीकर नावाकडे बघतच नाहीत. फाईल कोणत्या क्रमाने आत उतरली तो त्यांचा क्रम. आमच्या गल्लीतल्या गणपतीत याच कारणाने मंत्रपुष्पांजली आधी झाली आणि आरती नंतर. मंडळात निम्मे मराठी, निम्मे गुजराती. दोघांनाही वाटलं, दुसऱ्यांच्यात असंच असतं बहुतेक. कोणीच बोललं नाही.

गाण्याच्या फाईलच्या पोटात नाव, गायक, प्रकार लिहिलेली चिठ्ठी असते; ती वापरून यंत्राला आपोआप यादी करू द्यावी, असाही एक पंथ आहे. त्या चिठ्ठीची पहिली आवृत्ती १२८ बाइटची, त्यात गाण्याच्या नावाला ३० बाइट, म्हणजे यूटीएफ-एट देवनागरीची दहा चिन्हं. प्रकार लिहायला सुरुवातीला ८० ठरलेले रकाने होते. त्यांत पोल्का हा युरोपातला नाच आहे. नाट्यसंगीत नाही. पुढच्या आवृत्त्यांत हवं ते लिहिता येऊ लागलं, पण लिहिणाऱ्यांची सवय गेली नाही. माझ्याकडची अर्धी नाट्यपदं ‘अदर’मध्ये मोडतात.

कॅसेटच्या काळात रावपुऱ्यातल्या एका दुकानात कागदावर यादी लिहून द्यायची आणि आठवड्याने भरलेली कॅसेट आणायची. तिथेही बाजू दोन. साठची कॅसेट म्हणजे तीस मिनिटं इकडे, तीस तिकडे, आणि शेवटचं गाणं कापलं जाऊ नये म्हणून दुकानदार मधलं एखादं स्वतःच्या अकलेने बदलायचा. ‘आ वधारे सारूं छे’ म्हणून हसायचा. दोन-तीनदा त्याचं गाणं माझ्या गाण्याहून खरंच चांगलं निघालं. प्लेअर वगळतो, पण सुचवत नाही.

वरच्या मजल्यावर राहणारा इंजिनिअरिंगचा मुलगा यावर रॉकबॉक्सचा तोडगा घेऊन आला. हौशी लोकांनी मिळून २००१ पासून चालवलेलं हे मोफत सॉफ्टवेअर. काही ठरावीक मॉडेलांवर कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी ते बसतं. त्यात कार्ड हे वेगळं घर राहत नाही, मेमरीच्याच झाडात एक फोल्डर म्हणून लटकतं. मूळ एकच, म्हणून एका यादीत दोन्हींची गाणी सुखाने नांदतात. आमचं मॉडेल त्यांच्या यादीत निघालं. मुलगा लॅपटॉप उघडून तयार. पण आत्या हा प्लेअर पहाटेच्या अंधारात, चष्मा न लावता, अंगठ्याने चालवते. खालचं बटण दोनदा, मधलं एकदा, की भूपाळी. नव्या सॉफ्टवेअरमध्ये बटणांची कामं बदलतात. मी त्या मुलाला चहा पाजून परत पाठवलं.

शेवटी आत्याची सगळी सकाळ कार्डावर हलवली. भूपाळीपासून भैरवीपर्यंत एकाच फोल्डरात, यादीही तिथेच, गाण्यांच्या शेजारी, म्हणजे पत्त्यात चढायला-उतरायला पायरीच नको. नुसती फाईलची नावं. आत्याच्या यादीतलं एखादं गाणं माझ्याही संग्रहात हवं असेल तर ते दोनदा ठेवलं. जागा वाया जाते म्हणून शास्त्रशुद्ध माणसं नाकं मुरडतील. तीन-साडेतीन एमबी वाया जाऊ द्या की. आतल्या आठ जीबीत आता माझी रात्र आहे, रेडिओवरचे खाँसाहेब आणि इतर लांबलचक मंडळी. सेकंदाला १२८ किलोबिटच्या हिशेबाने तिथे सव्वाशे तासांहून जास्त गाणं मावतं. माझ्या उरलेल्या आयुष्यातल्या जाग्या रात्रींना पुरावं. दोन चुली राहिल्या, पण भांडण नाही. यादीची एक प्रत संगणकावर आहे, आणि एक कागदावर, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. कागदाला फॉरमॅट करावं लागत नाही.

मुलगी पुण्याला असते. तिला एकदम आत्याआजीची सकाळ हवीशी झाली. मी व्हॉट्सॲपवर चार केबीची फाईल पाठवली. “बाबा, यात काही वाजतच नाहीये,” असा लगेच फोन. मग कपाटाचं दार उघडून तिला सगळी नावं वाचून दाखवली. तिने ती तिच्या ॲपवर एकेक शोधली. बहुतेक सापडली. एका अभंगाला दुसऱ्याच गायिकेचा आवाज निघाला, तो फोनवरून ऐकून आत्याने हातानेच नको म्हटलं. तेवढी फाईल मी पाठवली.

सगळं जुळलं असं वाटत असताना आत्याने फोन मागून घेतला. “तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं गं?”

“साडेसहाला येतं, आत्याआजी. का?”

“मग भूपाळी संपल्यावर लगेच नाट्यपदं घे. अभंग पाणी भरून झाल्यावर. बादल्यांच्या आवाजात अभंग लावू नकोस. आणि दूध तू कशात तापवतेस? मायक्रोवेव्हमध्ये? मग दुसरा अभंग काढूनच टाक.”