फॉन्ट बसवला, पण अक्षरं बिघडतात: कटिंग मशीनसाठी दोष कुठे शोधायचा

कटिंग मशीनच्या, म्हणजे कागद किंवा व्हायनल (पातळ चिकट प्लास्टिक) ब्लेडने कापणाऱ्या यंत्राच्या, सॉफ्टवेअरमध्ये बाहेरून आणलेला फॉन्ट नीट चालला नाही, की बहुतेक जण तो काढून पुन्हा बसवतात. बरेचदा त्याने काहीच फरक पडत नाही, कारण दोष वेगळ्याच ठिकाणी असतो. म्हणून आधी एवढंच ठरवा: फॉन्टचं नाव यादीत दिसत नाही, की नाव दिसतं पण अक्षरं चुकीची उमटतात, की पडद्यावर सगळं छान दिसतं आणि कापल्यावर घोळ होतो? पहिला दोष संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिममधला, दुसरा सॉफ्टवेअर अक्षरं कशी जुळवतं त्यातला आणि तिसरा अक्षरांच्या बाह्यरेषांमधला. तिघांचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत.

यादीत न दिसणाऱ्या फॉन्टचं निदान सगळ्यात सोपं. क्रिकट मशीनचं डिझाइन स्पेस काय किंवा सिल्हूट मशीनचं सिल्हूट स्टुडिओ काय, ही सॉफ्टवेअर तुमचे फॉन्ट थेट संगणकाकडून घेतात. त्यामुळे आधी नोटपॅड, वर्ड किंवा मॅकवरचं टेक्स्टएडिट उघडून तिथे फॉन्ट दिसतो का ते पाहा. तिथेही नसेल तर तो बसलेलाच नाही. झिप फाइल नुसती उघडून आतल्या फॉन्टवर डबल-क्लिक केलं असेल, तर आधी ती पूर्ण अनझिप करा. आतल्या फाइलचा प्रकार टीटीएफ किंवा ओटीएफ हवा. वॉफ, वॉफ२ आणि ईओटी या वेबसाइटसाठीच्या फाइल असतात, त्या इथे उपयोगाच्या नाहीत. टीटीएफ आणि ओटीएफ दोन्ही दिल्या असतील तर एकच बसवा. एकाच नावाच्या दोन फाइल बसवल्या की कोणती वापरली जाते ते सांगता येत नाही आणि मॅकवर फॉन्ट बुक दुहेरी फॉन्टचा इशाराही देतं.

वर्डमध्ये दिसतो पण कटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, असं असेल तर ते सॉफ्टवेअर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. फॉन्टची यादी सुरू होतानाच वाचली जाते. मॅकवर खिडकीचं लाल बटण दाबलं तरी प्रोग्रॅम मागे चालू राहतो, म्हणून कमांड-क्यू वापरा. विंडोजवर शंका असेल तर टास्क मॅनेजरमधून बंद करा. तरीही नाव येत नसेल तर विंडोज १० आणि ११ वर आणखी एक मेख आहे: साधं 'इन्स्टॉल' केल्यावर फॉन्ट फक्त चालू वापरकर्त्याच्या खात्यापुरता, ॲपडेटाच्या आतल्या फोल्डरमध्ये बसतो. काही प्रोग्रॅम तिकडे बघतच नाहीत. फॉन्ट फाइलवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडलं की तो विंडोजच्या मुख्य फॉन्ट फोल्डरमध्ये जातो आणि बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

एवढं करूनही सापडत नसेल तर तो कदाचित यादीत आहे, पण दुसऱ्या नावाने. फाइलचं नाव आणि फॉन्टच्या आत नोंदवलेलं नाव वेगळं असू शकतं आणि सॉफ्टवेअर आतलं नाव दाखवतं. फाइलवर डबल-क्लिक केल्यावर उघडणाऱ्या खिडकीत वरच्या बाजूला जे नाव येतं, त्या नावाने शोधा. डिझाइन स्पेसच्या फॉन्ट यादीत गाळणीही असते. ती 'क्रिकट'वर राहिली असेल तर तुमचे फॉन्ट दिसणारच नाहीत, 'सिस्टिम' निवडा. बोल्ड किंवा इटॅलिक वेगळं सापडत नसेल तर ते बहुधा त्याच फॉन्टच्या 'स्टाइल' या यादीत असतं.

आता अक्षरं चुकीची उमटण्याकडे येऊ. इथे देवनागरीचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. रोमन लिपीत प्रत्येक अक्षराला एक आकृती पुरते. देवनागरीत तसं नसतं. 'कि' लिहिताना आपण आधी 'क' आणि मग वेलांटी टाइप करतो, पण दिसताना वेलांटी आधी यायला हवी. 'र्त' मध्ये आधी टाइप केलेला 'र' रफार होऊन डोक्यावर जातो. 'क्ष' साठी तीन खुणा मिळून एक आकृती बनते. आकृत्या बदलण्याच्या सूचना ओपनटाइप फॉन्टमध्ये असतात, पण त्या वाचणारं आणि क्रम बदलणारं इंजिन प्रोग्रॅममध्ये असावं लागतं. ते नसलं किंवा अर्धवट असलं की पाय मोडलेली अक्षरं सुटी दिसतात, वेलांटी अक्षराच्या मागे जाते आणि रफार हवेत लटकतो. फॉन्ट बदलून हे सुधारत नाही, कारण फॉन्ट निर्दोषच असतो.

तपासायला पाच शब्द पुरतात: कीर्ती, विद्यार्थी, स्त्री, हृदय, दऱ्या. यातला एकही बिघडला तर त्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप करण्याचा नाद सोडावा. 'दऱ्या'मधला तो चंद्रकोरीसारखा र नुक्ता असलेल्या ऱ पासून बनतो, साध्या र पासून टाइप केला तर 'दर्या' होतो. हा टायपिंगचा दोष आहे, सॉफ्टवेअरच्या माथी मारू नका.

फॉन्टच मुळात जुन्या पद्धतीचा असेल तर गोष्ट वेगळी. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या काळातले फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या पद्धतीवर चालतात. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. अशा फॉन्टमध्ये युनिकोड मराठी पेस्ट केलं की प्रोग्रॅम गुपचूप दुसराच फॉन्ट वापरतो किंवा चौकोन दाखवतो आणि इंग्रजी टाइप केलं की देवनागरी उमटते. त्यासाठी मजकूर आधी त्या फॉन्टच्या सांकेतिक रचनेत रूपांतरित करावा लागतो. त्यांचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा: तुकडे आधीच तयार असल्याने जुळवणीचं इंजिन लागत नाही, म्हणून जिथे युनिकोड मराठी मोडतं तिथेही ते नीट दिसू शकतात.

माझं स्पष्ट मत: मराठी मजकूर कटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइपच करू नये. इंकस्केप हे रेखाटनाचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि देवनागरीची जुळवणी नीट करतं. तिथे शब्द टाइप करा, फॉन्ट लावा, आकार ठरवा आणि या टप्प्यावर फाइल एकदा जतन करून ठेवा. मग मजकूर निवडून पाथ मेनूतलं 'ऑब्जेक्ट टू पाथ' वापरा, म्हणजे शिफ्ट-कंट्रोल-सी. आता ती अक्षरं राहिली नाहीत, आकृत्या झाल्या. त्यांचा गट शिफ्ट-कंट्रोल-जी ने सोडवा, सगळ्या निवडलेल्या असतानाच पाथ मेनूतलं 'युनियन' देऊन त्या एकजीव करा आणि दुसऱ्या नावाने 'प्लेन एसव्हीजी' (रेषाकृतींची फाइल) म्हणून जतन करा. ती एसव्हीजी डिझाइन स्पेसमध्ये अपलोड करा. पाथ केल्याशिवाय अपलोड केली तर मजकूर गायब होतो, कारण डिझाइन स्पेस एसव्हीजीमधला टाइप केलेला मजकूर स्वीकारत नाही. सिल्हूट स्टुडिओची मोफत बेसिक आवृत्ती असेल तर आपण बनवलेली एसव्हीजी उघडायला वरची डिझायनर आवृत्ती लागते. बेसिकवर इंकस्केपमधून डीएक्सएफ (रेषाकृतींचाच दुसरा फाइल प्रकार) काढून काम होतं, फक्त वक्ररेषांवर बिंदू वाढलेत का ते पाहून घ्या.

एसव्हीजी आत आणताना माप बदललेलं आढळतं, कारण एका इंचात किती पिक्सेल धरायचे यावर प्रोग्रॅमांचं एकमत नाही. इंकस्केपनेच २०१७ मध्ये ०.९२ आवृत्तीपासून ९० ऐवजी ९६ धरायला सुरुवात केली आणि काही प्रोग्रॅम ७२ धरतात. मजकुराशेजारी बरोबर १० सेंटीमीटरचा चौकोन काढून तो सोबत आणा. आत आल्यावर चौकोन १० सेंटीमीटरचा नसेल तर सगळं एकत्र निवडून चौकोन १० चा होईल इतकं ताणा आणि मग चौकोन पुसा.

वळणदार रोमन फॉन्ट आणि सुट्या शेपट्या

इंग्रजी हस्ताक्षराच्या फॉन्टमध्ये दोन तक्रारी नेहमीच्या. पहिली, अक्षरं एकमेकांना चिकटत नाहीत. दोन अक्षरांमधलं अंतर जोडीनुसार कमी-जास्त करण्याच्या सूचना फॉन्टमध्ये असतात, पण कटिंगचं सॉफ्टवेअर त्या पाळेलच असं नाही. डिझाइन स्पेसमध्ये 'लेटर स्पेस' थोडी थोडी कमी करत जा. एखादी जोडी तरीही सुटीच राहिली तर 'अनग्रुप टू लेटर्स' करून तेवढं अक्षर बाणाच्या कळीने सरकवा. जोड नीट एकावर एक चढला पाहिजे, नुसता टेकलेला पुरत नाही. मग सगळी अक्षरं निवडून 'वेल्ड', म्हणजे एकजीव करा. 'अटॅच' आणि 'वेल्ड' यांत गल्लत करू नका. अटॅच फक्त जागा टिकवतं, आतल्या रेषा तशाच कापल्या जातात.

दुसरी तक्रार, जाहिरातीत दिसणाऱ्या वळणदार शेपट्या आणि पर्यायी अक्षरं सापडत नाहीत. ती फॉन्टमध्ये असतात, पण कीबोर्डवर नसतात. फॉन्ट 'पीयूए एन्कोडेड' असेल तर ती युनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यात, म्हणजे ई००० ते एफ८एफएफ या क्रमांकांमध्ये ठेवलेली असतात. विंडोजच्या कॅरॅक्टर मॅपमधून किंवा मॅकच्या फॉन्ट बुकमधून ती कॉपी करून मजकुराच्या चौकटीत पेस्ट करा. पेस्ट केल्यावर चौकोन दिसला तर घाबरू नका, त्या अक्षराला तोच फॉन्ट लावला की आकृती येते. फॉन्ट पीयूए नसेल तर पुन्हा इंकस्केप: मजकूर व फॉन्टच्या खिडकीत 'फीचर्स' टॅबमध्ये पर्यायी अक्षरं निवडता येतात.

आकडे, अनुस्वार किंवा स्वल्पविरामाच्या जागी चौकोन किंवा रिकामी जागा येत असेल तर त्या फॉन्टमध्ये ती आकृतीच नाही. चाचणीसाठी दिलेल्या अर्धवट फॉन्टमध्ये हे हमखास आढळतं.

पडद्यावर ठीक, कापताना बिघाड

हा दोष सगळ्यात महाग पडतो, कारण व्हायनल वाया गेल्यावर कळतो. पडद्यावर आकृती रंगाने भरलेली असते, त्यामुळे एकावर एक चढलेल्या दोन आकृत्या एकच वाटतात. ब्लेडला रंग माहीत नसतो. ती प्रत्येक बाह्यरेषा कापत जाते. देवनागरीत तर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरावर थोडी चढवलेली असते, म्हणजे वेल्ड केलं नाही तर अखंड दिसणारी शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी चिरली जाते. ट्रान्सफर टेप (कापलेली अक्षरं उचलून दुसरीकडे चिकटवायची पट्टी) उचलताना तुकडे सुटे होतात.

एकाच अक्षराच्या आतसुद्धा असं होतं. व्हेरिएबल फॉन्ट, म्हणजे एकाच फाइलमध्ये सगळी वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार) असलेले, बहुधा एकमेकांवर चढलेल्या तुकड्यांनी बनवलेले असतात. रोमन टी ची आडवी रेषा उभीवरून आरपार जाते, काना आणि शिरोरेषा वेगवेगळे तुकडे असतात. गुगल फॉन्ट्सवरून उतरवलेल्या झिपमध्ये 'स्टॅटिक' नावाचं फोल्डर असेल तर त्यातल्या फाइल बसवा, व्हेरिएबल फाइल नको. वजनांच्या यादीत काही वजनं न दिसण्याचा त्रासही त्याने जातो. रेषा तरी उरल्याच तर इंकस्केपमध्ये त्या एकट्या अक्षरावर युनियन द्या. कापण्याआधी इंकस्केपचा 'आउटलाइन' डिस्प्ले लावून पाहिलं की आतली प्रत्येक रेषा उघडी पडते. ही सवय लावून घ्यावी अशी मनापासून शिफारस आहे. वेल्डनंतर अक्षराच्या आतली गाठ बुजली असेल, तर अक्षरं फार जवळ आली आहेत. एक पाऊल मागे जाऊन अंतर वाढवा.

ब्रशने रंगवल्यासारख्या खरबरीत कडांच्या फॉन्टमध्ये बाह्यरेषेवर बेसुमार बिंदू असतात. सॉफ्टवेअर अडखळतं, ब्लेड थरथरत जाते, कडा फाटतात. इंकस्केपचं 'सिम्प्लिफाय', कंट्रोल-एल, एकदा द्या आणि आकार बिघडला नाही ना ते पाहा. रंगीत फॉन्ट कापण्यासाठी नसतातच, त्यांचे रंग वेगवेगळ्या थरांत येत नाहीत.

बारीक रेषांबद्दल: साध्या व्हायनलवर सगळ्यात बारीक रेषा १ मिलिमीटरच्या खाली गेली की वीडिंग करताना, म्हणजे नको असलेलं व्हायनल काढताना, ती उपटून येते. तिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे मिळतात, पण जाड-बारीक रेषांमधला फरक मोठा असल्याने तो मोठ्या अक्षरांसाठीच ठेवावा. लहान मजकुराला मुक्तासारखा सारख्या जाडीचा फॉन्ट बरा, त्यातही मीडियम किंवा सेमीबोल्ड. आवडता फॉन्ट सोडवत नसेल तर वेल्डनंतर 'ऑफसेट' ०.२ ते ०.३ मिलिमीटर देऊन रेषा जाड करा.

पेनने लिहायचं असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. टीटीएफ आणि ओटीएफ मधली अक्षरं बंद बाह्यरेषांचीच असतात, म्हणून पेन अक्षराभोवती फिरून ते पोकळ काढतं. एकेरी रेषेसाठी डिझाइन स्पेसमध्ये 'रायटिंग' प्रकारचे फॉन्ट निवडा. रोमन मजकुराला इंकस्केपचं हर्शी टेक्स्ट एक्स्टेन्शनही चालतं.

राहिला प्रश्न एका संगणकावर केलेलं काम दुसरीकडे उघडण्याचा. प्रोजेक्ट क्लाउडवर जातो, फॉन्ट जात नाही. आयपॅडवर उघडल्यावर अक्षरं बदलतात ती त्यामुळेच. दुसरीकडे पाठवायच्या प्रतीत मजकूर डिझाइन स्पेसमध्ये वेल्ड करा, सिल्हूट स्टुडिओमध्ये 'कन्व्हर्ट टू पाथ' करा. त्यानंतर शब्द दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून मूळ टाइप केलेला मजकूर त्याच फाइलमध्ये लपवलेल्या थरात ठेवा आणि थराच्या नावात फॉन्ट, वजन आणि मिलिमीटरमधली उंची लिहा.